बैलांचं औत दुपारी सुटतं, मग आपलं का नाही?

(ज्यांना हा भाग ऐकता आला नाही त्यांच्यासाठी लेखी मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, थोडीफार झाडलोट केलीय.)

आत्ता मैदानावर पळता पळता ऐकत असाल आणि डोक्यावर ऊन असेल, तर आधी सावलीत या. पाणी प्या. आणि मग ऐका, कारण आजचा विषय तोच आहे.

भरतीची तयारी करत होतो तेव्हाची गोष्ट. माणदेशातलं आमचं गाव, एप्रिल संपत आलेला. सकाळी सहाला सोळाशे मीटर मारलं की घड्याळात पाच वीस-पाच पंचवीस यायचं. पोलीस भरतीला पुरुषांना पूर्ण गुण हवे असतील तर पाच दहाच्या आत यावं लागतं, म्हणजे दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. कुणीतरी सांगितलं, "भावा, दुपारचं पळ. उन्हात पळालं की दम वाढतो. मग सकाळी हवेत तरंगशील." झालं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी बारा वाजता मैदानावर.

पहिल्या दिवशी सहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी मोजलंच नाही, कारण शेवटच्या फेरीत पांढरी रेघ दोन-दोन दिसायला लागली, कडेला बसलो आणि उलटी झाली. मनात एकच विचार: आपल्यात जिद्द नाही. पोरं पळतात, आपण बसतो.

घरी आलो तर आबा ओट्यावर बसलेले. त्यांनी तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "आरं, बैलाचं औतसुद्धा दुपारच्याला सुटतंय. त्याला पट्टा आलाय व्हय भरतीचा?"

तेव्हा राग आला होता. आज सगळा भाग त्या एका वाक्यावर करतोय.

आधी शरीराचा हिशोब

आपले स्नायू हे फार उधळं इंजिन आहे. खाल्लेल्या अन्नातून जी ऊर्जा निघते, तिच्यातली साधारण वीस ते पंचवीस टक्केच पाय हलवायला लागते. बाकीची सगळी उष्णता होते. साठ किलोचा पोरगा तासभर ताशी दहा किलोमीटरनं पळाला आणि ती उष्णता बाहेर पडलीच नाही असं समजा, तर शरीराचं तापमान आठ-नऊ अंशांनी वाढेल. आपलं नेहमीचं तापमान ३७ अंश सेल्सिअस. चाळीसच्या वर गेलं आणि डोकं गोंधळायला लागलं की तो उष्माघात. म्हणजे मधली जागा फक्त तीन अंशांची.

मग आपण रोज पळून जिवंत कसे राहतो? घामामुळं. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे वरचा तासाभराचा हिशोब एका लिटरमध्ये फिटतो. पण यातला महत्त्वाचा शब्द 'वाळला' हा आहे. टपटप खाली पडलेला घाम काहीच थंड करत नाही. नुसतं पाणी वाया.

आता दुपारी काय होतं बघा. हवा चाळीस अंश, कातडी पस्तीसच्या आसपास. एरवी हवा आपल्याला थंड करते, इथं हवाच आपल्याला तापवते. वरून ऊन, खालून तापलेली जमीन. शरीर कातडीकडं जास्त रक्त पाठवतं, म्हणजे उष्णता बाहेर टाकता येईल. पण तेच रक्त पायांनाही पाहिजे असतं. त्यात घाम गेल्यामुळं रक्तातलं पाणी कमी झालेलं. मग हृदय त्याच वेगासाठी जास्त ठोके मारतं. तुम्ही सकाळी ज्या वेगाला आरामात होता, त्याच वेगाला दुपारी तोंड उघडं पडतं. आणि मेंदू, जो तुमच्यापेक्षा हुशार आहे, तो आधीच पाय आखडता घ्यायला लावतो.

वजनाच्या दोन टक्के पाणी घामातून गेलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं एक लिटर दोनशे मिली, की लांब पळण्यातला दम मोजता येईल इतका घसरायला लागतो. शंभर मीटरवाल्यांना उन्हाचा एवढा त्रास होत नाही, गरम स्नायू उलट बरे चालतात. फटका बसतो तो मिनिटांच्या आणि तासांच्या कामाला. सोळाशे मीटरच्या एकामागून एक फेऱ्या, पाच किलोमीटर, आणि दिवसभराची खुरपणी, हमाली, ऊसतोड.

म्हणजे दुपारी माझी जी तीस-चाळीस सेकंदं गेली, ती भौतिकशास्त्रानं नेली होती. जिद्दीचा त्यात संबंध नव्हता.

पण उन्हाची सवय होते ना?

होते. अगदी खरं आहे. रोज तास-दीड तास उन्हात बेतानं काम केलं, तर सात ते चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि त्यातून मीठ कमी जातं. त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. मात्र दोन-तीन आठवडे सावलीत काढले की ही कमाई बरीचशी विरते.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना खेळाडूंनी शिकवली असं वाटेल, पण आधी शिकवली कामगारांनी. दक्षिण आफ्रिकेतल्या खोल सोन्याच्या खाणींत तापलेल्या दमट बोगद्यांत कामगार उष्माघातानं मरायला लागले, तेव्हा १९३० च्या दशकात नव्या माणसाला हळूहळू उष्णतेची सवय लावून मग खाली सोडायची पद्धत तिथं बसवली गेली. आपल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं देशभर सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत, त्यांच्या घरातल्या कुणालाही विचारा: नवा पोरगा पहिल्या दिवशी भट्टीपुढं किती टिकतो आणि महिन्यानं किती टिकतो.

अमेरिकेतली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था, ओशा, सांगते की उघड्यावरच्या कामात उष्णतेनं जे मृत्यू होतात, त्यातले निम्म्याहून जास्त पहिल्या काही दिवसांतच होतात. म्हणून तिथला सल्ला असा: नव्या माणसाला पहिल्या दिवशी वीस टक्के काम, मग रोज वीस-वीस टक्क्यांनी वाढ. आणि मी काय केलं होतं? पहिल्याच दिवशी बारा वाजता पूर्ण जोर. सवय आणि शिक्षा यात फरक असतो, तो मला कुणी सांगितला नव्हता.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. ललिता बाबर. माण तालुक्यातलं मोही गाव, दुष्काळी भाग, शेतकऱ्याचं घर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला आणि फायनलमध्ये दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची फायनल गाठणारी भारतीय बाई. आपण अभिमानानं म्हणतो, माणच्या उन्हानं तिला घडवलं. असेलही. पण राष्ट्रीय शिबिरात वेग वाढवायचा सराव तिनं केला तो उटीच्या थंड डोंगरात. ऊन चिकाटी शिकवत असेल, पण वेग थंड हवेत वाढतो. तुमच्याकडं उटी नसली तरी पहाटेचे पाच वाजतात की. तालमीतली पोरं पिढ्यान् पिढ्या पहाटे उठून जोर-बैठका मारतात ती काय उगीच?

कुस्तीचा विषय निघालाय तर एक गोष्ट. वजनगटात बसायला प्लॅस्टिक गुंडाळून, जाड जॅकेट घालून घाम गाळायची पद्धत अजून दिसते. १९९७ मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान महिन्या-दीड महिन्यात असंच वजन तोडताना गेले, आणि मग तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली. घाम वाळूच द्यायचा नाही म्हणजे शरीराचं एकुलतं एक धुराडं बुजवणं. पैलवान मंडळी, हे करू नका.

आकडा चाळीसचा नाही, दमटपणाचाही आहे

मोबाईलवर हवामान बघताना आपण फक्त तापमान बघतो. माणचं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो. सांगलीकडं कृष्णाकाठी, पाणी दिलेल्या उसाच्या फडात शिरा. वारा नाही, ओल वर येतेय, घाम नुसता ओघळतोय. अंश कमी दिसले तरी त्रास जास्त.

म्हणूनच लष्कर आणि खेळांच्या संघटना ओल्या फडक्याचा तापमापक वापरतात. तापमापकाच्या टोकाला ओलं कापड गुंडाळायचं. हवा कोरडी असेल तर पाणी वाळतं आणि पारा खाली येतो. दमट असेल तर येत नाही. त्यात उन्हाचा आणि हवेचा आकडा मिळवून एक निर्देशांक काढतात. त्यात ओल्या फडक्याचा वाटा सत्तर टक्के, साध्या तापमानाचा फक्त दहा टक्के. १९५० च्या दशकात अमेरिकी नौसैनिकांच्या भरती केंद्रात जवान कोसळत होते, त्यातून ही पद्धत निघाली. भरतीच्याच पोरांवरून, लक्षात घ्या.

२०१९ ला दोहामध्ये जागतिक स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन ऊन टाळायला मध्यरात्री सुरू केली. तरी तीस अंशांच्या वर उष्मा आणि प्रचंड दमटपणा. ६८ जणी धावल्या, २८ जणी अर्ध्यात बाहेर पडल्या. जगातल्या सगळ्यात दमदार बायका होत्या त्या.

आणि पळायलाच पाहिजे असं नाही. १६ एप्रिल २०२३, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम, लाखो माणसं तासन् तास उघड्यावर बसलेली. तापमान अडतीसच्या आसपास, म्हणजे आपल्या सांगलीत लोक ज्याला 'आज बरंय' म्हणतील तेवढं. पण खाडीकाठची दमट हवा. चौदा माणसं गेली. त्यानंतर सरकारनं उन्हाळा संपेपर्यंत दुपारी बारा ते पाच उघड्यावरच्या कार्यक्रमांना बंदी घातली. म्हणजे आबांचंच वाक्य सरकारी कागदावर आलं. चौदा जीव गेल्यावर.

आता कामावर या

खेळाडूला वाटलं तर तो थांबतो. कामगाराचं काय?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१९ मध्ये अहवाल काढला. हवा तेहेतीस-चौतीस अंशांची झाली की मध्यम कष्टाचं काम करणाऱ्याची क्षमता निम्म्यावर येऊ शकते, असं त्यात आहे. २०३० पर्यंत उष्णतेमुळं भारतातले ५.८ टक्के कामाचे तास जातील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतकं काम, असा त्यांचा अंदाज. भारतातल्या कारखान्यांवर २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की वर्षाचं तापमान एका अंशानं वाढलं, तर कारखान्याचं उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटतं. त्या अभ्यासात सुरतेचे कापड विणणारेही होते. आता विट्याचे यंत्रमाग डोळ्यासमोर आणा. वर पत्रा, आत मोटरींची धग, आणि कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून हवा दमट ठेवायची. म्हणजे धाग्याला जे मानवतं, तेच माणसाला मानवत नाही. आणि मजुरी कापडावर. उन्हानं हात मंदावला, की पगार मंदावला.

ऊसतोडीचं तर विचारूच नका. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेऊन मराठवाड्यातून आपल्या कारखान्यांवर आलेली माणसं. मजुरी टनावर. अंधार असताना फडात उतरतात, तेवढंच शहाणपण त्यांच्या हातात. पण हंगाम मार्चपर्यंत लांबला, गाडी भरायची राहिली, की दुपार होतेच. बसलं तर टन कमी, खाडा केला तर दंड. तहान लागू नये म्हणून नाही, तर लघवीला जायला आडोसा नाही म्हणून बाया पाणी कमी पितात. आता वरचा दोन टक्क्यांचा हिशोब आठवा.

"पण सारखं थांबवलं तर काम कसं उरकेल?" हा प्रश्न मालक, मुकादम, कोच सगळे विचारतात. याचं उत्तर उसातूनच आलंय. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोर इथल्या ऊसतोड मजुरांमध्ये तरण्याताठ्या माणसांच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या. उन्हातलं अति कष्टाचं काम हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. २०१४-१५ च्या हंगामात एल साल्वादोरमध्ये एक छोटा प्रयोग झाला: फडात हलवता येईल असा मांडव, पाठीवर पाण्याची पिशवी, ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती, आणि हाताला बरा पडेल असा कोयता. माणशी रोजचा ऊस ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेला. त्यात चांगल्या कोयत्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय सावलीला देऊ नका. पण थांबल्यामुळं काम बुडालं नाही, एवढं तर नक्की.

घड्याळ कुणाच्या हातात?

मला या सगळ्यातून जे कळलं ते सांगतो.

पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा आठवते? २०१६ ला पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. २०१८ ला आपल्या माणमधलं टाकेवाडी. २०१८ ची स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापलेले ४५ दिवस. त्याच दिवसांत म्हाताऱ्या बायांपासून शाळकरी पोरांपर्यंत लोकांनी डोंगर खोदले, चर काढले, बांध घातले. कसं जमलं? पहाटे काम, संध्याकाळी काम, कित्येक गावांत रात्री उजेड लावून काम. भर दुपारी सावली. ऊन तेच, माणसं तीच, कष्ट तेवढेच. फरक एकच, कधी खोदायचं हे गावानं ठरवलं होतं.

आता दुसरं टोक. ऑगस्ट २०२४, झारखंड. उत्पादन शुल्क विभागाची शिपाई भरती, तासाभरात दहा किलोमीटर धावायचं. दहाहून जास्त उमेदवार गेले. मृत्यूंमागच्या कारणांवर बरीच चर्चा झाली. पण त्यानंतर सरकारनं पहिला बदल कोणता केला? सकाळी नऊनंतर कुणाला पळवायचं नाही.

म्हणजे घड्याळ हलवता येतं. ते हलवायला खर्च नाही, यंत्र नाही. फक्त ज्याच्या हातात घड्याळ आहे त्यानं ठरवायला लागतं. बैलाचा मालक दुपारी औत सोडतो, कारण बैल मेला तर नुकसान त्याचं. रोजंदारीचा माणूस पडला तर दुसरा मिळतो, भरतीचा पोरगा पडला तर रांगेत मागं हजार उभे. आबांच्या वाक्याचा हा अर्थ मला फार उशिरा कळला.

तर मग आपण काय करायचं?

एक. जोरदार सराव पहाटे. परीक्षा उन्हाची असणार असेल तर दोन आठवडे आधीपासून उन्हात हळू पळा, रोज थोडं वाढवा. घड्याळाशी मारामारी करू नका.

दोन. सरावाआधी आणि नंतर वजन करा. किलोभर कमी झालं तर साधारण लिटरभर पाणी गेलं. लांब सरावात नुसतं पाणी ढोसू नका, मीठही जातं. मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, किंवा ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानं. एनर्जी ड्रिंकचा डबा यात धरू नका.

तीन. कामाच्या ठिकाणी पाणी आणि सावली मागणं म्हणजे भीक नाही. मोठ्या कारखान्यात उन्हाळ्यात गार पाणी द्यायचं, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहून ठेवलं होतं. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी असावी हा नियम आहे. एकट्यानं मागायला भीती वाटते, तर चौघांनी मिळून मागा.

चार, आणि हे पाठच करा. सोबतचा माणूस उन्हात असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, विनाकारण चिडायला लागला, तर तो नाटक करत नाही. पळताना झालेल्या उष्माघातात अंगाला घाम असूही शकतो, त्यावर जाऊ नका. लगेच १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघेत ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी गार करणं, मग हलवणं. या मिनिटांवर जीव ठरतो.

माझं भरतीचं पुढं काय झालं ते वेगळ्या भागात. एवढंच सांगतो, पहाटे पळायला लागलो आणि तीन आठवड्यांत पाच बारा आलं. तेव्हा आबा ओट्यावर नव्हते, रानात होते. सकाळचं औत चालू होतं.

तुमच्याकडं दुपारी काम थांबतं का? शेडमध्ये, फडात, पार्सल पोचवताना, मैदानावर? कोण ठरवतं? व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगितलं नाही तरी चालेल. पुढच्या भागात तुमचेच आवाज ऐकवतो.

आणि हा भाग एका माणसाला नक्की पाठवा, जो उद्या दुपारी बारा वाजता पळणार आहे. चला, काळजी घ्या. राम राम.